साबळे सरांचं सॅलड

साबळे सरांना पानं धुताना मी कधीच पाहिलं नाही. हिरव्या सॅलडमधलं निम्मं काम पानं धुण्याचं असतं. एकेक पान सुटं करायचं, देठाजवळची माती काढायची, दोन पाण्यांतून काढायचं आणि मग फडक्यात गुंडाळून पार कोरडं करायचं. पान ओलं राहिलं तर त्याला तेल धरत नाही. उरलेल्या निम्म्यातलं बरंचसं काम चीज करण्याचं. मग जे काही राहतं ते म्हणजे तेल, व्हिनेगर, वाटलेली मोहरी आणि मीठ एका बरणीत घालून हलवणं. ती बरणी सर हलवायचे. माझ्या हिशेबानं एकूण कामातले शंभरातले तीन भाग. पण बरणी हलवताना ते जे बोलायचे, ते ऐकणाऱ्याला वाटावं की उरलेले सत्त्याण्णवही यांचेच.

परवा कॉलनीच्या बैठकीत कोणी तरी म्हणालं, "साबळे सर होते तेव्हा मजा होती. त्यांनी आपल्याला खायला शिकवलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते ऐकवेना. म्हणून हे लिहितोय.

राहुरीत आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एक कमरेएवढी भिंत. मी दूध संकलन केंद्रावर फॅट आणि बाकीच्या तपासण्या बघतो. सर कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा एकुलता मुलगा नोकरीनिमित्त फ्रान्सात होता. त्याच्याकडे सर दीड महिना राहून आले. दीड महिन्यात माणसाला शेजारच्या तालुक्याची बोली येत नाही. सर मात्र संस्कृती शिकून आले. नलिनीवहिनी गेल्या नव्हत्या. घर कोण बघणार, असं सरांचं म्हणणं होतं.

परत आल्यापासून त्यांचं प्रत्येक वाक्य 'तिकडं'नं सुरू व्हायचं. तिकडं जेवताना कोणी घाई करत नाही. तिकडं पान सुरीनं कापत नाहीत, हातानं तोडतात. तिकडं नवरा-बायको एका टेबलावर बसून जेवतात. हे शेवटचं वाक्य ते दर रविवारी ऐकवायचे, आणि त्या वेळी वहिनी आत तव्यापाशी उभ्या असायच्या, कारण चीज गरम असतानाच पानांवर आलं पाहिजे हा नियमही सरांचाच. दोन्ही गोष्टी एकाच तोंडातून एकाच दमात यायच्या आणि त्या तोंडाला काही खटकायचं नाही. माझी बायको शोभा त्यांना 'तिकडचे' म्हणायची. रविवारी सकाळी विचारायची, "तिकडच्यांचं बोलावणं आलंय. जायचं, का घरी पोटभर जेवायचं?"

दर रविवारी चार-सहा जणांना बोलावणं असायचं. सर एक निळा एप्रन घालून टेबलाच्या टोकाला उभे राहायचे. त्या एप्रनवर कधी एक डाग पडला नाही. डाग वहिनींच्या पदरावर असायचे. मास्तरकीची सवय असल्यामुळे मध्येच कोणालाही उभं करायचे.

"पठारे, प्रमाण?"

"तीनास एक," मी म्हणायचो. तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर. पन्नाशी उलटलेला माणूस मी, पण तिथे बसलो की पाढा म्हणायला लागायचो.

"आणि ड्रेसिंग कधी घालायचं?"

"शेवटी, सर."

"का?"

"आधी घातलं तर पानं मान टाकतात."

"बघा!" असं म्हणून ते बाकीच्यांकडे बघायचे, जणू मी त्यांचा बारावीला पास झालेला ढ विद्यार्थी.

पहिल्या रविवारची गोष्ट सांगतो. तिकडं शेळीच्या दुधाचं चीज असतं, म्हणून सरांनी मळ्यातल्या एका बाईकडून शेळीचं दूध लावलं होतं. संगमनेरी शेळ्या, दूध उत्तम. सरांनी वहिनींना ते उकळायला लावलं, लिंबू पिळायला लावलं, फडक्यात बांधून वर पाटा ठेवायला लावला. मग त्याच्या वड्या तव्यावर टाकून ते आम्हाला म्हणाले, "आता बघा. बाहेरून खरपूस आणि आतून लोण्यासारखं."

आम्ही बघत बसलो. वड्या लाल झाल्या, मग तपकिरी झाल्या. लोणी काही होईना.

मी म्हणालो, "सर, उकळून लिंबानं फाडलेलं दूध आहे हे. याला पनीर म्हणतात. हे गॅस संपेपर्यंत ठेवलं तरी वितळणार नाही."

"पठारे, तुम्ही फॅट बघा. हे शास्त्र वेगळं आहे."

त्या दिवशी आम्ही टायरचे तुकडे चावावेत तसं ते चावलं. सर म्हणाले, "तिकडं असंच सावकाश चावून खातात."

तीन-चार रविवारांनंतर मात्र तव्यावरून आलेलं चीज सुरी लावताच आतून सैल होऊन पानांवर उतरलं. थोडं आंबटसर, थोडं खारट, आणि बाहेरून रव्याचं कुरकुरीत कवच. मी खोटं बोलणार नाही, अप्रतिम होतं. सर म्हणाले, "जमलं शेवटी मला."

जमलं कसं, ते नंतर शोभाकडून कळलं. वहिनींनी आपल्या फोनवरून मुलाला विचारलं होतं. त्यानं सांगितलं, दूध उकळायचं नाही, कोमट करायचं. त्यात थोडं दही आणि रेनेट म्हणून दूध साकळवणाऱ्या औषधाचे दोन-चार थेंब घालायचे, रात्रभर हलवायचं नाही, मग फडक्यात टांगून पाणी गळू द्यायचं. रेनेटची बाटली त्यानंच मागवून दिली. वहिनींची सुरुवातीची तीन पातेली फुकट गेली. ते दूध सरांना कढीत घालून वाढलं, आणि सर कढी छान झाली म्हणाले.

व्हिनेगरसुद्धा घरचंच. उसाच्या रसाचं. ती बरणी वहिनींच्या ओट्याखाली असायची, आणि तिची चव बघून कधी गाळायची हे त्याच ठरवायच्या. पुणतांब्याच्या माहेरी गुऱ्हाळ होतं, रस आंबायला लागला की वास कसा येतो ते त्यांना लहानपणापासून ठाऊक.

आणि ऑलिव्हच्या तेलाची बाटली. ती सर लोखंडी कपाटात, इस्त्रीच्या शर्टांमागे ठेवायचे. रविवारी ती बाहेर काढून आधी सगळ्यांना वास द्यायचे. "हा कडसर वास ओळखा. आपल्या तेलांना हा येणार नाही, शंभर वर्षं गेली तरी." माझं डोकं तिसऱ्याच गोष्टीकडे. बाटली अर्ध्या लिटरची. दर रविवारी बरणीत सहा मोठे चमचे तेल जायचं, एक चमचा पंधरा मिलिलिटरचा. म्हणजे एका रविवारी नव्वद. सहाव्या रविवारी बाटली रिकामी व्हायला हवी. ही बाटली दिवाळीला उघडलेली, आणि होळी आली तरी गळ्यापर्यंत भरलेली.

मी शोभाला म्हणालो, "हा माणूस लबाड आहे. त्यात दुसरं तेल ओततो."

शोभा हसत सुटली. म्हणाली, "त्यांना कुठलं एवढं सुचायला? वहिनी ओततात. घाण्यावरचं करडईचं. बाटली संपली की ते घर डोक्यावर घेतात, म्हणून. त्यांना अजून पत्ता नाही."

म्हणजे चार महिने हा माणूस आपल्याच गावच्या करडईच्या तेलाला तिकडचा वास येतो म्हणून डोळे मिटत होता. लबाड असता तर मला त्याच्याबद्दल थोडा तरी आदर वाटला असता.

अशाच एका रविवारी सॅम्युअल आला. सॅम्युअल आमच्या राहुरीचाच. बरीच वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता, आता नगरच्या रस्त्यावर त्याचं स्वतःचं हॉटेल आहे. शिर्डीला जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. त्यानं पावाच्या तुकड्यानं ताटली पुसून खाल्ली आणि मग विचारलं, "सर, हे चीज कुठून आणता?"

"मी करतो," सर म्हणाले.

वहिनी त्या वेळी दारात दुसरी ताटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि आत गेल्या. त्यानंतर तव्यावरून जे काप आले ते करपलेले होते. असं आधी कधी झालं नव्हतं.

सॅम्युअल म्हणाला, "पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं सारखी विचारतात हो. असं रोजचं मिळालं तर मला पाहिजेच हाय. आठवड्याला पाच किलो. पण एकदा हॉटेलावर येऊन आमच्या मानसांना करून दाखवा. तव्यावरचं त्यांना जमाया पायजे."

सर खुर्चीत असे मागे रेलले की मला वाटलं, आता मोडते.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडे केंद्रावर आल्या. हातात दुधाची बाटली होती, पण तपासायचं काही नव्हतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊजी, पाच किलोला दूध किती लागंल?"

मी म्हणालो, "तुमचा उतारा किती पडतो?"

"सात लिटरला किलो. जरा इकडं-तिकडं."

"मग आठवड्याला पस्तीस. म्हणजे रोजचं पाच."

"मळ्यातल्या बाईकडं तेवढं निघतं. मी इचारलंय." मग म्हणाल्या, "मला जमंल का हो? मी आजपतुर हातचं काही कुणाला विकलं न्हाई. पापड का लोणचं, काहीच न्हाई. ह्यांना आवडत न्हाई. पण एकदा करून बघू वाटतं."

"जमेल. पण सरांना सांगा."

"ह्यांना नका सांगू अजून. लगीच भाषान सुरू हुईल."

हॉटेलात जायचा दिवस एप्रिलमधला, ऊन मी म्हणत होतं. गाडी माझी होती. वहिनींनी चांगली साडी नेसली होती आणि बर्फाचा डबा हातात घेऊन त्या गाडीपाशी उभ्या होत्या. सर म्हणाले, "तू कुठं निघालीस?"

"येते की. तव्यावर—"

"तिथं तुझं काय काम? डबा दे."

वहिनींनी डबा दिला. मग खिडकीशी वाकून म्हणाल्या, "गारेगार असतानाच तव्यावर टाका. आधी बाहेर काढून ठिवू नका. आन् तवा मंद." सरांनी काच वर केली.

हॉटेलाच्या स्वयंपाकघरात सॅम्युअलची पाच-सहा माणसं हात पुसून रांगेत उभी होती. सरांनी निळा एप्रन चढवला. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर डब्यातले चीजचे काप काढून एका ताटात मांडले. सर्वांना नीट दिसावेत म्हणून. मग पातेल्यात पानं घेतली आणि त्यांवर बरणीतलं सगळं ड्रेसिंग ओतलं. पानांना चमक कशी येते ते दाखवायला. दर रविवारी मला उभं करून घोकून घेतलेला धडा, आणि मास्तरच विसरले. मग बोलायला लागले. तिकडची नदी, तिकडचा बाजार, तिकडं शेळीला काय खाऊ घालतात. भट्टीवर तवा होता. त्याचा धूर निघायला लागला.

सॅम्युअल म्हणाला, "सर, तवा लई तापलाय."

"तापू दे. गरम चीज म्हणजे गरम."

"चीज घामाजलंय, सर."

"तुम्ही जहाजावर होता सॅम्युअल, मी त्यांच्या घरांत राहिलोय."

मागे उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पातेल्यातली पानं तोवर शिजवलेल्या पालकासारखी झाली होती. शेवटी सरांनी काप रव्यात घोळवले, म्हणजे तसा प्रयत्न केला, कारण ते बोटांना चिकटत होते. आणि तव्यावर टाकले. टाकताक्षणी ते पसरले. दूध उतू गेल्यावर शेगडीवर जसं दिसतं तसं दिसलं, आणि वर जळक्या रव्याचा वास.

सर बराच वेळ उलथन्यानं ते गोळा करत राहिले. मग माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "आमच्या मंडळींचा घोळ आहे हा. मी सांगितलं होतं, दूध बदलू नकोस, बदललं असणार. बायकांना प्रमाण कळत नाही, पठारे."

 मग सॅम्युअलनं हळूच विचारलं, "म्हंजे चीज वहिनी करतात व्हय?"

सरांना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. "करते म्हणजे... मी सांगतो तसं करते."

सॅम्युअलनं डबा उघडून पाहिला. बर्फाच्या तळाशी दोन काप राहिले होते. त्यानं दुसरा तवा मंद आचेवर ठेवला, थंडगार काप रव्यात घोळवून टाकले, एकदाच उलटवले. एक त्यानं खाल्ला, दुसरा माझ्यापुढे धरला. "पठारे साहेब, चीजमधी काही खोट न्हाई." मग सरांना म्हणाला, "वहिनींचा नंबर देता का?"

"माझ्याच नंबरवर करा. तिला व्यवहारातलं समजत नाही."

परतताना सर बाहेर बघत बसले होते. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "पठारे, हे घरी बोलायला नको."

"कोणाच्या घरी?" मी विचारलं. 

वहिनी फाटकातच उभ्या होत्या. साडी तीच. "कसं झालं?"

सर म्हणाले, "झालं ठीक. पण त्याला आपलं चीज काही पसंत पडलं नाही."

इतक्या शांतपणे म्हणाले की क्षणभर मलाही खरं वाटलं. मी गाडीतून उतरून म्हणालो, "वहिनी, पसंत आहे. त्यानं तुमचा नंबर मागितला. फोन करणार आहे." सर माझ्याकडे न बघता आत गेले.

त्यानंतर वहिनी वाट बघत राहिल्या. मळ्यातल्या बाईला त्यांनी दूध राखून ठेवायला सांगितलं होतं. नवीन फडकी शिवली. शोभाला रोज विचारायच्या, भाऊजींना काही कळलं का. आणि एक दिवस संध्याकाळी मी भिंतीजवळच्या कढीपत्त्याला पाणी घालत असताना पलीकडे फाटकाशी सरांचा फोन वाजला. त्यांचा आवाज कधीच लहान नव्हता.

"हां, सॅम्युअल, बोला... नाही हो. ती नाही करत आता. तब्येत बरी नसते तिची. ते नाही जमायचं."

मी पाण्याची नळी तिथेच टाकली, त्यांच्या मागच्या दारानं आत गेलो. वहिनी ओट्यापाशी होत्या. वर खुंटीला फडकं टांगलेलं, त्यातून पाणी थेंब थेंब पातेल्यात पडत होतं.

"वहिनी, आत्ता सरांनी—"

"मी आतच हुते, भाऊजी. ऐकलं."

त्यांनी हात पदराला पुसले. दोन्ही हात, बोटांच्या बेचक्यांतून, अगदी सावकाश.

"त्यांचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

"आहे."

"लावा."

मी लावून दिला. त्या फोन घेऊन बाहेर गेल्या नाहीत, कोपऱ्यातही वळल्या नाहीत. तिथेच उभ्या राहून, फाटकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी नलिनी साबळे बोलते. तब्येत चांगली हाय माझी. तुमाला पाच किलो पायजे व्हतं ना? कदीपासून, ते सांगा."

फाटक वाजलं. सर फिरायला निघून गेले होते.

पुढचं थोडक्यात सांगतो. पाचाचे आठ किलो झाले, मग बारा. हॉटेलाची गाडी दारात येऊन माल नेऊ लागली. रविवारची बैठक बंद पडली, कारण घरात चीज उरायचंच नाही. नुसत्या पानांवर सरांनी दोनदा व्याख्यान करून पाहिलं, तिसऱ्यांदा कोणी आलं नाही. घरात सर या सगळ्याला बाजारूपणा म्हणायचे. पण हॉटेलाची गाडी आली की फाटकात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमचा माल जातोय." मी हे कानांनी ऐकलं आहे. वहिनींनीही ऐकलं असणार. त्या भांडल्या नाहीत. त्यांना वेळ नव्हता.

मग मुलगा फ्रान्स सोडून पुण्याला आला, आणि सरांनी जाहीर केलं की आपण पुण्याला जाणार. इथं कदर नाही. त्यांना वाटलं असावं, वहिनी पाठोपाठ सामान बांधतील. वहिनी म्हणाल्या, "तुमी जा. रोजचं दूध येतं, मला कसं हलता येईल?" पंधरा दिवस सर घरात दाराच्या कड्या आपटत फिरले. ते थांबले नाहीत, आणि त्या निघाल्या नाहीत.

ते गेले त्या सकाळी मी भिंतीपाशी होतो. मुलानं पाठवलेली गाडी उभी होती, मागे तीन बॅगा. सर पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला, ड्रायव्हरला एसी किती ठेवायचा ते समजावलं. वहिनी हात पुसत फाटकापर्यंत आल्या. सरांनी काच खाली करून हात बाहेर काढला, तळवा वर.

"नलू, माझा डबा?"

"कसला डबा?"

"वाटेत खायला."

"वाटंत हाटेलं हायेत की," वहिनी म्हणाल्या. एवढं बोलून त्या वळल्या आणि आत गेल्या. आत काही तरी गाळायचं होतं.

सर त्या दाराकडे बघत राहिले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तो हात खिडकीबाहेर तसाच होता, तळवा वर केलेला.